बेटांची राखण

पीक दाण्यावर आले म्हणजे शेतकरी माळा बांधतो, गोफण हाती घेतो आणि रात्रीच्या रात्री जागून राखण करतो. पेरणी, खुरपणी, पाणी या साऱ्या कष्टांचे फळ अखेर या राखणीवर अवलंबून असते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु जे संकट अद्याप शिवारात आलेलेच नाही, ते येऊ नये म्हणून राखण करावी असे सांगितले, तर तोच शेतकरी, आणि त्यास सल्ला देणारा कार्यकर्ताही, काहीसा उदासीन होतो. न दिसणाऱ्या शत्रूसाठी वेळ व पैसा खर्च करणे मनुष्यस्वभावास रुचत नाही. यामुळेच संगरोध, म्हणजे सर्वजण ज्यास क्वारंटाईन म्हणतात ती व्यवस्था, कागदावर सर्वमान्य आणि व्यवहारात उपेक्षित राहिली आहे, असे आमचे मत आहे. बाहेरून येणारे रोप, बी, माती, जनावर वा माल दारातच तपासावा, संशय आल्यास अलग ठेवावा आणि दोष आढळल्यास परत पाठवावा वा नष्ट करावा, एवढाच तिचा साधा अर्थ होय.

या व्यवस्थेचे मोल किती, हे मोठ्या देशांकडे पाहून नीट कळत नाही. तेथे वाटा अनेक असतात, येणारे जीव अनेक असतात, आणि कोणते नुकसान कोणामुळे झाले याचा हिशेब लागत नाही. तो हिशेब पाहावयाचा तर दूर समुद्रातील एखादे लहानसे बेट पाहावे. बेट म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याचे कुंपण असलेले शेत. त्या कुंपणाच्या आड हजारो वर्षे जे पक्षी, कीटक व वृक्ष वाढले, त्यांना मुख्य भूमीवरील शिकारी प्राण्यांचा परिचयच नसतो. पक्षी जमिनीवर घरटी करतात, काही तर उडणेही विसरतात. अशा ठिकाणी एखादा परका प्राणी शिरला, तर तो राखणदार नसलेल्या खळ्यात शिरलेल्या जनावराप्रमाणे वागतो. यात त्या प्राण्याचा दोष नाही. त्याला तेथवर पोहोचविणारा मनुष्यच असतो.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवर लॉर्ड हाऊ नावाचे असे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे साडेचौदा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढेच भरेल. 1788 साली युरोपीय दर्यावर्दींना ते प्रथम दिसले, तेव्हा तेथे मनुष्यवस्ती नव्हती. 1834 पासून लोक राहू लागले आणि आज सुमारे चारशे माणसांची तेथे कायमची वस्ती आहे. बेटावर आपल्या वडाप्रमाणे पारंब्या सोडणारे वृक्ष आहेत आणि जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः न आढळणारा केंशिया हा माड आहे. आपल्याकडील मोठ्या इमारतींच्या दालनांत, सावलीतही टिकणारी जी डौलदार झाडे कुंड्यांतून ठेवलेली दिसतात, त्यांत हा माड असतो. त्याचे मूळ घर म्हणजे हे बेट.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील श्रीमंतांच्या घरांत हा माड ठेवण्याची आवड पसरली आणि बेटवासीयांना त्याच्या बियांचा धंदा सापडला. लोक माडांवर चढून बियांचे घोस उतरवीत, बी जहाजाने रवाना होई आणि त्याचे उत्पन्न बेटावरील कुटुंबांत वाटले जाई. दुसरे मोठे पीक नाही, बाजारपेठ दूर, जमीन थोडी. अशा स्थितीत हे बी हाच त्यांच्या संसाराचा आधार होता. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण परक्या प्राण्यांचा विषय निघाला की तो केवळ पक्षिप्रेमींचा आहे असा समज होतो. तो प्रथमतः शेतकऱ्यांचा विषय आहे.

1918 सालच्या जून महिन्यात मकांबो नावाची आगबोट या बेटाच्या किनाऱ्यावरील खडकांवर आपटली. दुरुस्ती होऊन ती पुन्हा पाण्यावर येण्यास नऊ दिवस लागले. माणसांची सुटका, मालाची उतराई, डागडुजी या धांदलीत बोटीतील काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. त्यापूर्वी बेटावर लहान घरउंदीर आलेले होतेच, डुकरे व मांजरेही माणसांनी आणलेली होती. पण झाडावर सराईतपणे चढणारा हा काळा उंदीर तेथे नव्हता. या उंदराचे मूळ स्थान आपला भारतीय उपखंडच असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. शतकानुशतके जहाजांतून प्रवास करीत तो जगभर पसरला. ऑस्ट्रेलियात संगरोधाचा कायदा 1908 पासून अस्तित्वात होता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. कायदा होता, पण त्या रात्री त्या किनाऱ्यावर उंदीर अडविणारे कोणी नव्हते.

पुढे जे घडले ते फार वेगाने घडले. ऑस्ट्रेलियातील वस्तुसंग्रहालयात काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ अॅलन मॅकुलॉक यांनी या बेटाच्या अनेक फेऱ्या केल्या होत्या. दोन-तीन वर्षांपूर्वी पाखरांच्या गाण्याने भरलेले रान आता मूक झाल्याचे त्यांनी 1921 साली लिहून ठेवले. केवळ त्याच बेटावर राहणारे पाच प्रकारचे पक्षी कायमचे नाहीसे झाले. किमान 13 प्रकारचे लहान अपृष्ठवंशी जीवही गेले. माडावरील बियांचे घोस उंदरांनी कुरतडून टाकले आणि बियांच्या धंद्यास जबर तडाखा बसला. कोकणात नारळीच्या खोडाला पत्र्याचा पट्टा का ठोकतात, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नुकसान अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

घाबरलेल्या बेटवासीयांनी सर्व उपाय केले. शिकारी कुत्री पाळली, विष घातले, उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमले, पण उंदीर हटले नाहीत; कारण मारण्याचा वेग जन्माच्या वेगापेक्षा कमी राहिला, तर बक्षीस हा केवळ खर्च ठरतो. मग 1920 च्या दशकात एक नामी वाटणारी युक्ती निघाली. घुबड उंदीर खाते, तेव्हा घुबडे आणावीत! आपल्या गव्हाणी घुबडाच्या कुळातील एक मोठे घुबड ऑस्ट्रेलियातून आणून बेटावर सोडण्यात आले. घुबडांनी तेथे बस्तान बसविले, उंदीर खाल्ले, आणि त्यांच्याबरोबर उरलेसुरले पक्षीही खाल्ले. एक परका प्राणी हटविण्यासाठी दुसरा आणावयाचा, ही कल्पना ऐकावयास आकर्षक असली तरी पुरता अभ्यास व चाचणी झाल्याविना ती अमलात आणणे म्हणजे एका सावकाराचे देणे दुसऱ्या सावकाराकडून कर्ज काढून फेडण्यासारखे आहे. जैविक नियंत्रणास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो घाईस.

आता या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. या बेटावर हाताच्या पंजाएवढा लांब, काळा, पंखहीन असा एक काडीकिडा राहात असे. कोळी लोक त्याचा गळाला आमिष म्हणून उपयोग करीत, इतका तो विपुल होता. उंदीर आल्यानंतर तो बेटावरून नाहीसा झाला आणि तो वंश संपला असे सर्वांनी धरले. परंतु बेटापासून 23 किलोमीटरवर समुद्रातून साडेपाचशे मीटर सरळ वर आलेला बॉल्स पिरॅमिड नावाचा एक ओसाड सुळका आहे. 2001 साली शास्त्रज्ञ तेथे चढले, तेव्हा एका झुडपाच्या आश्रयाने हे किडे जिवंत असलेले त्यांना आढळले. त्या वेळी मोजदाद झाली अवघ्या 24 किड्यांची. एक संपूर्ण जात काही झुडपांच्या आधारे ऐंशी वर्षे तगून राहिली, याचे कारण एवढेच, की त्या सुळक्यावर उंदीर पोहोचला नव्हता. पुढे काही किडे तेथून आणून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास करण्यात आली.

उंदीर समूळ नष्ट करावयाचे, असा निर्णय होऊन तो अमलात येण्यास शंभर वर्षे लोटली. 2019 च्या हिवाळ्यात (तेथे हिवाळा जून-जुलैत असतो) डोंगरांवर हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, आणि वस्तीत घरोघर, गोठ्यांत, परसांत विषपेट्या ठेवण्यात आल्या. लहानमोठे उंदीर मिळून त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक असावी असा अंदाज होता. एकाही जोडीला जिवंत सोडून चालणार नव्हते. विषाने मरू नयेत म्हणून वुडहेन नावाचे उडू न शकणारे पक्षी, जे आपल्या पाणकोंबडीच्या कुळातील आहेत, आधी पकडून पिंजऱ्यांत सांभाळावे लागले. गुराढोरांचा वेगळा बंदोबस्त करावा लागला. या मोहिमेस दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात खर्च आला. 1918 साली त्या बोटीभोवती चार माणसे व काही सापळे ठेवण्यास काय पडले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. अर्थात सापळ्यांनी सर्व उंदीर अडले असते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण प्रयत्नच झाला नाही, ही खरी खंत आहे.

या मोहिमेची एक बाजू आमच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. बेटावरील लोक तिच्याविषयी एकमत नव्हते. मुलाबाळांच्या वस्तीत विष पसरणार, मासे व पाणी दूषित होणार, पाहुण्यांचे येणे थांबणार, अशा शंका पुष्कळांना होत्या, आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. 2015 साली मतदान झाले तेव्हा अनुकूल मते शेकडा 52 पडली, म्हणजे जवळजवळ निम्मे गाव विरुद्ध होते. एवढ्याशा वस्तीत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा व्हावा, इतका तो वाद ताणला गेला. काहींच्या मते असे मत घेणेच चूक होते. शास्त्राने जे ठरविले ते लोकांनी निमूटपणे मानावे. आम्हांस हे पटत नाही. ज्याच्या घरात विषपेटी ठेवावयाची, त्याने दार उघडले नाही तर हेलिकॉप्टर काय कामाचे?

हा प्रश्न आपल्या प्रदेशास नवा नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तो याच काळ्या उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे पसरला. 1897 साली पुण्यात प्लेग आवरण्यासाठी सोल्जरांकडून घरांची झडती घेण्यात आली, देवघरे व माजघरे धुंडाळली गेली, माणसे व सामान बाहेर काढले गेले. त्यातून जो क्षोभ उसळला, त्याचे पर्यवसान 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली जाण्यात झाले. रोग खरा होता आणि तो रोखणेही अवश्य होते. पण ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांनाच आरोपी समजून वागविल्यामुळे लोक आजारी माणसे लपवू लागले आणि रोगास आणखी वाव मिळाला. संगरोधाच्या कामात माहिती लपविली जाणे यासारखा दुसरा धोका नाही. कीड दिसली, रोप वाळले, अनोळखी किडा आढळला, तर ते बेधडक सांगावे असे वाटले पाहिजे, आणि सांगणाऱ्यास शिक्षा वा उपहास वाट्यास येता कामा नये.

लॉर्ड हाऊ बेटावर मोहिमेचे फळ दिसण्यास फार काळ लागला नाही. 1970 च्या दशकात वुडहेन पक्षी तीसच्याही आत आले होते. डुकरे व मांजरे हटवून आणि बंदिस्त पैदास करून त्यांना कसेबसे वाचविण्यात आले होते, तरी ते काही शेकड्यांपलीकडे जात नव्हते. उंदीर गेल्यावर काही वर्षांतच त्यांनी हजाराचा टप्पा ओलांडला. ज्या झाडांचे बी पिकण्यापूर्वीच फस्त होई, त्यांची फळे जमिनीवर पडून रुजताना दिसू लागली. तरीही 2021 साली बेटावर पुन्हा काळे उंदीर आढळले, आणि शिकविलेली कुत्री, सापळे व कॅमेरे घेऊन नव्याने शोध करावा लागला. मोहीम संपली म्हणजे राखण संपली, असे या कामात कधीच होत नाही.

यासंबंधी एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चारशे माणसांच्या बेटासाठी एवढा खर्च व एवढे नियम कशाला? संकट आल्यावर पाहता येईल. या आक्षेपाचे उत्तर लॉर्ड हाऊपेक्षाही दूर, दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर असलेल्या मॅक्वारी बेटाने दिले आहे. तेथे गेलेल्या शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात अन्नाची सोय म्हणून ससे सोडले. मांजरे व उंदीरही आले. 2000 सालापर्यंत मांजरे नाहीशी करण्यात यश आले. पण सशांच्या संख्येवर असलेला रोगाचा व मांजरांचा दाब कमी होताच ससे लाखाच्या वर गेले. त्यांनी डोंगरउतारावरील गवत मुळासकट खाल्ले, उघडी माती पावसाने सैल झाली आणि 2006 साली कडा ढासळून पेंग्विन पक्ष्यांच्या वसाहतीवर दरड कोसळली. ज्यांनी उतारावरील जमिनीची धूप पाहिली आहे, त्यांना गवताचे महत्त्व सांगावयास नको. अखेर ससे, उंदीर व लहान उंदीर या तिघांविरुद्ध एकदम मोहीम काढावी लागली. सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून 2014 साली ते बेट मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मॅक्वारीवर शेतकरी नाही, बाजार नाही, कायम वस्ती नाही. तरीही हिशेब चुकला नाही. नंतर पाहू म्हणून पुढे ढकललेले काम व्याजासह करावे लागले.

दारातील तपासणी म्हणजे नेमके काय, हे आज लॉर्ड हाऊवर पाहावयास मिळते. माल घेऊन येणाऱ्या बोटीची व विमानातील सामानाची वासावर काम करणाऱ्या कुत्र्यांकडून तपासणी होते. धक्क्याजवळ सापळे कायम मांडलेले असतात. झाडे व माती आणण्यावर निर्बंध आहेत. डोंगरात जाणाऱ्या पायवाटांच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासण्यासाठी ब्रश ठेवलेले आहेत. येथे कोणतेही महागडे यंत्र नाही. मात्र प्रत्येकाने प्रत्येक वेळी बूट घासला पाहिजे, आणि अवघड गोष्ट तीच आहे.

बुटांचे एवढे कौतुक कशासाठी, तर तांबेऱ्यासाठी. दक्षिण अमेरिकेतून निघालेला मर्टल तांबेरा 2010 साली ऑस्ट्रेलियात पोहोचला. कोवळ्या पानांवर पिवळी भुकटी धरते, शेंडे वाळतात आणि लागण जोराची असल्यास झाड मरते. त्याचे बीजाणू वाऱ्याने तर पसरतातच, पण कपड्यांवरून व जोड्यांवरूनही जातात. लॉर्ड हाऊवर तो 2016 साली आढळला तेव्हा बाधित झाडे तोडून त्याचा बंदोबस्त करण्यात आला. 2023 साली तो पुन्हा दिसला आणि वनात जाण्यावर निर्बंध घालावे लागले. आपल्या पेरू, जांभूळ, लवंग आणि निलगिरी या झाडांचे कूळ तेच आहे. ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या प्रवाशाने आपले जोडे धुऊन मगच पेरूच्या बागेत पाऊल टाकावे, असे आम्ही म्हणतो, त्यात अतिशयोक्ती मानू नये.

आपल्या शिवारास समुद्राचे कुंपण नाही हे खरे. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आयात केलेल्या धान्याबरोबर आले असे मानले जाते, आणि आज ते नसलेले गाव सापडणे कठीण. पण आपल्यालाही बेटे आहेत. लक्षद्वीपात नारळाचे उंदरांमुळे होणारे नुकसान बागाईतदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर वेंगुर्ल्याचे खडक म्हणून ओळखली जाणारी बेटे आहेत. तेथील गुहांत पाकोळ्यांची व कातळांवर सागरी पक्ष्यांची वसाहत असते. किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी होडीवाले, मच्छीमार व हौशी पर्यटक यांच्याशी या विषयावर बोलावे. अशा बेटांकडे जाताना शिधा व जाळी रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी तशीच होडीत भरू नयेत. पोती व जाळी किनाऱ्यावरच झाडून पाहावीत. दोर बांधून होडी रात्रभर बेटाला लावून ठेवणे टाळावे. मांजर वा कुत्रे सोबत नेऊ नये. उरलेले अन्न, फळांच्या बिया व साली तेथे टाकून न येता परत आणाव्यात. मोठ्या होड्यांच्या दोरांवर उंदीर चढू नयेत म्हणून पत्र्याच्या गोल तबकड्या लावतात. नारळीच्या खोडावरील पट्ट्याचे तत्त्व तेच असल्याने कोकणातील कोणताही लोहार त्या बनवून देऊ शकेल. बेटावर उंदीर, त्याच्या लेंड्या वा कुरतडलेली अंडी आढळल्यास ते स्वतः विष टाकून निस्तरू नये, कारण अर्धवट घातलेल्या विषाने उरलेले उंदीर आमिषास भितात व पुढील काम अवघड होते. तारीख व जागा लिहून ठेवून ही माहिती त्याच दिवशी वनखात्यास कळवावी.